आधी पन्हळ साफ करा: जुन्या इमारतींबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात लोकांनी एकत्र येऊन जुन्या इमारती कशा वाचवल्या आणि पुन्हा वापरात आणल्या यावर लिहिलं होतं, त्यावर इतकी पत्रं आली की सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही. जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते घेतलेत. काही पत्रं रागाची होती, त्यातलं एक मुद्दाम घेतलंय कारण त्यात दम आहे.

प्रश्न: ताई, आमच्याकडे एक जुनं वाचनालय आहे, साधारण ९० वर्षांचं, दोन मजली, सात वर्षं झाली कुलूप लागून. मालकी ज्या संस्थेची आहे ती म्हणते पाडून नवीन बांधू. आम्ही बारा-तेरा जण आहोत ज्यांना वाटतं पाडू नये. सुरुवात कुठून करायची? सह्या, मोर्चा की कोर्ट?

सह्या घ्या, जरूर घ्या, पण त्याआधी आत जा. रीतसर परवानगी मागून, दोघं-चौघं मिळून, बॅटरी घेऊन आणि शक्यतो धो धो पाऊस चालू असताना. कारण जुनी इमारत पडते ती पाण्याने, वयाने नाही. कोरड्या दिवशी गेलात तर नुसता डाग दिसेल, पावसात गेलात तर पाणी कुठून येतंय ते डोळ्यासमोर दिसतं. मी आजवर जितक्या बंद इमारतींत गेले त्यातल्या बहुतेक ठिकाणी सुरुवात एकाच गोष्टीपासून झालेली होती, छपराची पन्हळ पानांनी तुंबलेली, पाणी उलटं फिरून भिंतीत उतरतंय, आणि भिंतीत जिथे तुळईचं टोक बसवलेलं असतं नेमकं तिथे ते मुरतंय. तुळई मधे ठणठणीत असते आणि भिंतीतलं टोक कुजलेलं असतं. बाहेरून कळतच नाही, मग एक दिवस मजला खाली येतो आणि सगळे म्हणतात बघा, जुनी झाली होती.

म्हणून पहिलं काम पन्हळ साफ करणं, फुटलेली कौलं किंवा पत्रा बदलणं, ते लगेच जमत नसेल तर ताडपत्री नीट बांधणं, भिंतीत उगवलेली रोपटी लहान असतानाच काढणं (मोठं झाड ओढून काढू नका, मुळांसोबत दगड येतो, ते जाणकाराकडूनच करून घ्या) आणि खिडक्या उघडून वारा खेळता ठेवणं. हे मालकाच्या परवानगीने तुम्ही बारा जण महिन्याभरात करू शकता आणि याने इमारतीला चार-पाच वर्षं मिळतात, तेवढ्यात बाकीचं सगळं करता येतं. लेखक आणि कलाकार विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये इंग्लंडमध्ये जुन्या इमारतींसाठी संस्था काढली तेव्हा तिच्या जाहीरनाम्यात हेच सांगितलं होतं, रोजची काळजी घ्या म्हणजे मोठी दुरुस्ती करायची वेळच येणार नाही. आज दीडशे वर्षांनी पण यापेक्षा बरा सल्ला माझ्याकडे नाही.

दुसरं म्हणजे मापं घ्या. फीत घेऊन प्रत्येक खोली, प्रत्येक दार-खिडकी, भिंतीची जाडी, जिन्याच्या पायऱ्या, सगळं कागदावर उतरवा आणि प्रत्येक भिंतीचा समोरून फोटो काढा. लोकांना हे कंटाळवाणं वाटतं, पण पोलंडची राजधानी वॉर्साची गोष्ट सांगते. १९४४ मध्ये ते शहर पद्धतशीर उद्ध्वस्त केलं गेलं, जुनं शहर म्हणजे विटांचा ढीग उरला होता. पण तिथल्या वास्तुरचनेच्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी आधीच इमारतींची मोजणी करून नकाशे काढलेले होते आणि युद्धात ते एका मठात लपवून ठेवले होते. युद्धानंतर ते नकाशे आणि अठराव्या शतकातल्या बेलोट्टो या चित्रकाराची शहराची चित्रं समोर ठेवून लोकांनी जुनं शहर पुन्हा उभं केलं, १९८० मध्ये ते जागतिक वारसा यादीत गेलं. विद्यार्थ्यांनी फीत धरून घेतलेली मापं होती ती. तुमच्या जवळपास आर्किटेक्चर किंवा सिव्हिलचं कॉलेज असेल तर जाऊन विचारा, त्या मुलांना असं काम हवंच असतं.

तिसरं, तडे. "इमारत धोकादायक आहे" हे वाक्य पाडायच्या बाजूने सगळ्यात आधी येतं आणि त्याला भावनेने उत्तर देता येत नाही. तड्यावर काचेची बारीक पट्टी आडवी चिकटवा, शेजारी पेन्सिलीने तारीख लिहा. पट्टी फुटली तर तडा अजून हलतोय, वर्षभर शाबूत राहिली तर तो बहुधा जुना, शांत झालेला तडा आहे. वर्षभरच का, तर भिंती उन्हाळ्यात-पावसाळ्यात थोड्या हलतातच, दोन महिन्यांत काही कळत नाही. यासोबत जुन्या बांधकामाचा अनुभव असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनियरचा अहवाल घ्या. जुन्या बांधकामाचा अनुभव हे मुद्दाम म्हणतेय, कारण फक्त आरसीसी केलेला माणूस चुन्यातली जाड भिंत बघून घाबरतो, त्याच्या गणितात ती बसतच नाही.

हे सगळं हातात असेल तेव्हा संस्थेसमोर बसा. मोर्चा त्यानंतर, आणि लागलाच तर. मालकाला शत्रू करून वाचलेल्या इमारती आहेत, पण नंतर त्या चालवायला त्याच मालकाची सही लागते हे विसरू नका.

प्रश्न: आमच्या जुन्या शाळेच्या दुरुस्तीला माजी विद्यार्थ्यांनी पैसे जमवले. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो जुना गिलावा काढून सिमेंटचा प्लास्टर करू आणि वर ऑइल पेंट, एकदम मजबूत होईल, चुना वगैरे आता कोण करतं. काही सभासदांना पटलंय. तुमचं मत?

थांबवा. आज संध्याकाळी फोन करून थांबवा.

का ते नीट सांगते म्हणजे सभासदांना समजावता येईल. जुनी विटांची किंवा दगडाची भिंत चुन्यात बांधलेली असते आणि ती पाणी शोषते पण आणि सोडते पण, म्हणजे पावसात ओल येते, ऊन पडलं की चुन्याच्या दर्जांतून (म्हणजे विटांमधल्या सांध्यांतून) आणि गिलाव्यातून ती निघून जाते. सिमेंट घट्ट असतं, ते ही वाट बंद करतं आणि ऑइल पेंटने उरलीसुरली पण बंद होते. पण पाणी यायचं थांबत नाही, ते जमिनीतून जोत्यावाटे चढतं, वरच्या बारीक भेगेतून उतरतं आणि आत अडकतं. मग जिथून बाहेर पडायला सोपं तिथून म्हणजे मऊ विटेतून बाहेर पडायला बघतं, सोबत क्षार घेऊन येतं, ते क्षार विटेच्या तोंडाशी सुकून फुगतात आणि विटेचा चेहरा सुटून येतो. लोणा लागला म्हणतात तो हाच. पांढरी भुकटी, मग पोपडे, मग विटेचं पीठ.

मी हे हाताने बघितलंय. एका जुन्या दवाखान्याच्या इमारतीत सिमेंट प्लास्टर होऊन जेमतेम दहा-बारा वर्षं झाली होती, बाहेरून भिंत गुळगुळीत, नवी कोरी दिसत होती. ठोकलं तर पोकळ आवाज आला. गवंड्याने छिन्नी घालून एक तुकडा काढला तर प्लास्टरची अख्खी पाटी निघून आली आणि मागे वीट नव्हतीच, ओलसर लाल माती होती, बोट घातलं तर दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं. बंद पेटीसारखा वास आला. त्या भिंतीची वरची पंधरा-वीस सेंटिमीटर वीट बदलावी लागली, म्हणजे ज्याने भिंत मजबूत होणार होती त्यानेच ती खाल्ली.

चुन्याचं उलट आहे. तो मुद्दामच विटेपेक्षा मऊ ठेवायचा असतो, म्हणजे हालचाल झाली की भेग दर्जेत जाते, विटेत जात नाही, आणि दर्ज पुन्हा भरता येते. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू दगड होतो, बाहेरून आत, त्याला वेळ लागतो. म्हणून चुन्याचा गिलावा झाल्यावर पहिले काही दिवस ओलं गोणपाट टांगून सावलीत ठेवावा लागतो, पातळ थर द्यावे लागतात, एक थर धरला की मगच दुसरा. कॉन्ट्रॅक्टरला हा वेळच परवडत नाही, खरं कारण ते आहे. "आता कोण करतं" म्हणाला ना, तर करणारे गवंडी आहेत, शोधावे लागतात, आणि सापडले की त्यांच्या हाताखाली दोन तरुण पोरं ठेवा, तुमच्या शाळेच्या कामात तुम्ही हे नक्की करू शकता.

करण्याआधी जुन्या गिलाव्याचा तुकडा तपासून घ्या, त्यातला चुना विरघळवून वाळू वेगळी काढतात, वाळूचा कण केवढा आणि रंग कुठला ते कळतं, तशीच वाळू घ्यायची. आणि प्लास्टरचा एक हातभर नमुना आधी कोपऱ्यात करून एक पावसाळा बघा. घाई कसली आहे, शाळा इतकी वर्षं उभी आहेच.

प्रश्न: इमारत वारसा यादीत गेली की मालकाला काहीच करता येत नाही असं म्हणतात. खरं का?

नाही. यादीत गेलेल्या इमारतीत बदल करता येतात, फक्त आधी विचारून आणि दाखवून करावे लागतात. किती मोकळीक ते तिच्या श्रेणीवर असतं आणि नियम जागेजागी वेगळे असतात, त्यामुळे तुमच्या पालिकेतून नेमका नियम लेखी घ्या, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

मालकाच्या हक्काचा प्रश्न मात्र खरा आहे, त्यावर मोठी भांडणं झालीत. न्यूयॉर्कचं पेन स्टेशन १९६३ मध्ये पाडायला घेतलं, लोक त्याआधी रस्त्यावर उतरून विरोध करून गेले होते पण हातात कायदाच नव्हता. त्या धक्क्यातून १९६५ मध्ये शहराने वारसा कायदा केला. मग ग्रँड सेंट्रल स्टेशनवर टॉवर बांधायचं ठरलं, परवानगी नाकारली, मालक कंपनी कोर्टात गेली, राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या पत्नी राहिलेल्या जॅकलीन केनेडी ओनासिससारखी माणसं लोकांच्या बाजूने उभी राहिली आणि १९७८ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने शहराच्या बाजूने निकाल दिला. स्टेशन आजही स्टेशन म्हणूनच चालतंय.

पण यादीवर विसंबून राहू नका हे कळकळीने सांगते. यादी हातोडा थांबवते, पाऊस थांबवत नाही. यादीत असलेल्या, कागदावर पूर्ण सुरक्षित आणि कुलूपबंद राहून आतल्या आत कोसळलेल्या इमारती मी पाहिल्यात.

प्रश्न: आम्ही जुना मालधक्का (रेल्वेचं गोदाम) भाडेपट्ट्याने मिळवलाय! आता वाद चालू आहे वापर काय करायचा. निम्मे म्हणतात म्युझियम, निम्मे म्हणतात अभ्यासिका आणि हॉल. तुम्ही काय सुचवाल?

आधी अभिनंदन, भाडेपट्टा मिळणं म्हणजे अर्धी लढाई झाली.

म्युझियम सगळ्यांना सुचतं कारण ते इमारतीच्या मानाचं वाटतं. पण म्युझियमला संग्रह लागतो, सांभाळणारा माणूस लागतो, आणि एकदा बघून गेलेला माणूस पुन्हा कशाला येईल याचं उत्तर लागतं. ते नसेल तर दोन वर्षांत धूळ बसते, मग कुलूप, मग पुन्हा पहिल्यापासून. मला रोज येणारी माणसं जास्त महत्त्वाची वाटतात. जुन्या वास्तूंच्या जतनासाठी तज्ज्ञांनी केलेल्या १९६४ च्या व्हेनिस सनदेत पण हेच आहे, समाजाच्या उपयोगी वापर असला की जतन सोपं होतं. रोज कोणीतरी आत आलं की गळती पहिल्या दिवशी दिसते, नळ टपकला की कळतो, उंदीर-वाळवी लक्षात येते.

वापर ठरवायच्या आधी एक करा, आठवडाभर वेगवेगळ्या वेळी तिथे जाऊन बसा आणि आत्ता त्या जागेचा काय वापर होतोय ते बघा. ब्राझीलमध्ये साओ पावलोत पिंपांचा एक जुना कारखाना होता, तिथे केंद्र उभारायचं काम लीना बो बार्डी या वास्तुरचनाकार बाईंकडे आलं. त्या सुट्टीच्या दिवशी बघायला गेल्या तर आत पोरं फुटबॉल खेळत होती, फुटक्या छपरातून पाणी गळत होतं आणि पोरं त्या पाण्यात चेंडू मारत हसत होती. त्यांनी ठरवलं की हे चालू राहिलं पाहिजे. कारखाना पाडला नाही, आत भिंती घालून तुकडे केले नाहीत, मोठा हॉल मोकळा ठेवला, वाचायची जागा, नाटकाची जागा, कार्यशाळा केल्या आणि खेळासाठी शेजारी नवीन इमारत बांधली. १९८२ मध्ये सुरू झालं आणि आजही तिथे माणसांची वर्दळ असते. तुमच्या मालधक्क्याच्या ओट्यावर संध्याकाळी कोण बसतं? त्यांना विचारलंत का?

अभ्यासिका करत असाल तर पुस्तकांच्या वजनाकडे लक्ष द्या, हे फार जण विसरतात. राहत्या खोलीच्या मजल्यावर साधारण २०० किलो प्रति चौरस मीटर वजन धरून हिशोब करतात, पुस्तकांच्या कपाटांच्या खोलीला ६०० किलो किंवा जास्त धरावं लागतं, म्हणजे तिप्पट. गोदामाचा तळमजला जमिनीवर असतो त्यामुळे तिथे बहुधा अडचण नाही, पण लाकडी माळ्यावर पुस्तकं चढवू नका, माळ्यावर माणसं बसवा आणि पुस्तकं खाली ठेवा.

आणि जे काही नवीन घालाल ते पुढे काढता येईल असं घाला. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टमध्ये तेराव्या शतकातल्या एका चर्चमध्ये पुस्तकांचं दुकान केलंय. ते चर्च दोनशे वर्षं प्रार्थनेसाठी वापरात नव्हतं, मधे तर सायकली ठेवायला वापरत होते. दुकानाला जागा कमी पडत होती म्हणून त्यांनी एका बाजूला काळ्या लोखंडाचं उंच, मजल्यामजल्याचं कपाटच उभं केलं, त्यात जिन्याने वर चढत जायचं आणि छताच्या जवळ जाऊन पुस्तकं बघायची. ते आपल्या पायावर उभं आहे, खांबांच्या आणि भिंतींच्या जिवावर नाही. उद्या दुकान गेलं तर कपाट सोडवून न्यायचं, चर्च जसंच्या तसं. तुम्हाला संडास, वायरिंग, रॅम्प, आगीच्या वेळी बाहेर पडायचा दुसरा रस्ता हे सगळं करावंच लागेल, त्यात काटकसर करू नका, पण संडास शक्यतो बाहेर स्वतंत्र बांधा म्हणजे जुन्या भिंतीत पाण्याचे पाइप जाणार नाहीत.

तर माझं मत अभ्यासिका आणि हॉल, आणि म्युझियमवाल्यांना एक लांब भिंत द्या. मालधक्क्याचे जुने फोटो, हमालांच्या आठवणी, वजनकाटा असेल तर तो. रोज अभ्यासाला येणारी पोरं ती भिंत रोज बघतील.

प्रश्न: कुजलेली तुळई काढून नवीन घातली तर इमारत "जुनी" राहते का?

राहते. सगळी तुळई बदलायच्या आधी बघा की फक्त भिंतीतलं टोक कुजलंय का, तसं असेल तर चांगला सुतार तेवढाच भाग कापून त्याच जातीचं लाकूड सांधा करून जोडतो. जपानमध्ये लाकडी मंदिरं शतकानुशतकं अशीच सुटी करून, खराब भाग बदलून पुन्हा जोडत आलेत, आणि १९९४ मध्ये नारा इथे जगभरच्या तज्ज्ञांनी मान्य केलं की अस्सलपणा फक्त जुन्या दगड-लाकडात नसतो, कारागिरीत आणि वापरात पण असतो, ज्या त्या संस्कृतीप्रमाणे तो ठरतो. नव्या तुकड्यावर आतल्या बाजूला वर्ष कोरून ठेवा, पुढच्या माणसाला कळू दे. आणि माहिती नसेल तिथे अंदाजाने "जुन्यासारखं" नक्षीकाम करू नका.

प्रश्न: पैसे उभे करता येतील असा आम्हाला विश्वास आहे, लोकांचा पाठिंबा जबरदस्त आहे. मग अडचण कुठे येते?

उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी.

इंग्लंडमध्ये हेस्टिंग्ज नावाच्या गावाला समुद्रात गेलेला एक लांब जुना धक्का आहे, १८७२ चा, लोक त्यावर फिरायला जायचे, नाच-गाणी व्हायची. २०१० मध्ये आगीत तो जवळजवळ सगळा गेला. गावाने सोडला नाही. सरकारी लॉटरीच्या निधीतून मोठी मदत मिळाली आणि सुमारे ३००० लोकांनी छोटे छोटे शेअर घेऊन आपले पैसे घातले. २०१६ मध्ये धक्का उघडला, २०१७ मध्ये त्याला ब्रिटनमधला सगळ्यात मोठा वास्तुरचना पुरस्कार मिळाला. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो चालवणारी संस्था दिवाळखोरीत गेली, पुढच्या वर्षी धक्का एका खाजगी मालकाला विकला गेला. मला हे वाचून खरंच वाईट वाटलं होतं, आजही वाटतं, त्या माणसांनी काही चुकीचं केलं नव्हतं. बांधायला पैसे मिळतात, त्यावर नाव लागतं, फोटो निघतो. झाडूवाल्याचा पगार, वीजबिल, विमा, दरवर्षीचं छपराचं काम याला देणगीदार मिळत नाही.

म्हणून तुमच्या पहिल्या बैठकीतच एका कागदावर बारा महिन्यांचा चालू खर्च लिहा आणि समोर तो कुठून येणार ते लिहा. दोन-तीन खोल्या कायमच्या भाड्याने देता येतील का, एखादं कार्यालय, एखादा क्लास, एखादी शिवणाची कार्यशाळा? जमलेल्या पैशातला एक भाग वेगळा काढून ठेवा, त्याला दुरुस्तीशिवाय हात लावायचा नाही. आणि सगळी इमारत एकदम उघडू नका, पुढच्या दोन खोल्या उघडा, वर्षभर चालवून बघा, त्यातून काय चालतं ते कळेल, मग पुढे.

प्रश्न: मॅडम, स्पष्ट लिहितो. मी जुन्या इमारतीत भाड्याने राहतो, तिसऱ्या मजल्यावर. छत गळतं, जिना हलतो, संडास एक आणि कुटुंबं सहा. तुमच्यासारखे लोक येतात, कॅमेऱ्यात कमानी टिपतात आणि म्हणतात किती सुंदर, पाडू नका. सुंदर आहे तर राहायला या. जुन्याचं प्रेम हे ज्यांची घरं गळत नाहीत त्यांचं आहे.

तुमचं बरोबर आहे. आधी हे सांगते की जिना हलत असेल तर या उत्तराची वाट बघू नका, पालिकेत लेखी तक्रार द्या, सहाही कुटुंबांच्या सह्यांनी, पोच घ्या. टेकू लावणं हे दोन दिवसांचं काम आहे आणि ते आधी झालं पाहिजे. आणि तपासणीत इमारत खरंच राहण्यासारखी नाही असं निघालं तर माणसं बाहेर पडली पाहिजेत, कमान कितीही सुंदर असो. यात मला काहीही दुमत नाही.

पण एक गोष्ट तुमच्यासमोर ठेवते. जर्मनीत ओबरहाउझेन शहरात आयझेनहाइम नावाची कामगारांची वस्ती आहे, १८४६ पासूनची. ती पाडून उंच इमारती बांधायचा बेत होता. १९७० च्या दशकात तिथे राहणाऱ्या माणसांनीच, कामगारांनी आणि पेन्शनरांनी, ती वाचवली. कारण पाडलं की आपण इथे परत येणार नाही हे त्यांना माहिती होतं. घरं दुरुस्त झाली आणि पूर्वी सगळ्यांचं धुणं जिथे व्हायचं ती जागा बैठकीची झाली. सिडनीत त्याच काळात बांधकाम मजुरांच्या युनियननेच, जॅक मंडी त्यांचे पुढारी होते, जिथले रहिवासी नको म्हणतील तिथे पाडकामाला हात लावायचा नाही असं ठरवलं. द रॉक्स नावाचा जुना भाग आज उभा आहे तो त्यामुळे. पाडकामात रोजगार होता आणि तो सोडून त्यांनी हे केलं, मला या माणसांबद्दल फार आदर आहे.

उलट उदाहरण पण सांगते, लपवत नाही. न्यूयॉर्कमध्ये हायलाइन नावाचा खांबांवरून जाणारा जुना रेल्वेमार्ग आहे, त्यावर शेवटची मालगाडी १९८० मध्ये गेली, १९९९ मध्ये शेजारच्या दोन रहिवाशांनी ती वाचवायला संस्था काढली, २००९ मध्ये तिची बाग झाली, सुंदरच आहे. पण आजूबाजूची भाडी एवढी वाढली की साध्या माणसाला तिथे राहणं कठीण झालं. इमारत वाचली आणि माणसं गेली तर ते वाचवणं मी अपुरं समजते.

म्हणून तुमच्याकडे कॅमेरा घेऊन येणाऱ्या माणसाला पहिला प्रश्न हा विचारा की दुरुस्तीनंतर आमचं भाडं आणि आमची खोली याचं लेखी काय? जुन्या इमारतीत संडास वाढवता येतात, छत पक्कं करता येतं, जिना बदलता येतो, हे तांत्रिकदृष्ट्या अजिबात अवघड नाही. अडतं ते खर्च कोणी करायचा यावर, आणि त्या बैठकीत तुम्ही सहा कुटुंबं असलीच पाहिजेत.

प्रश्न: पर्यावरणाचा मुद्दा मांडायचा असेल तर एका वाक्यात काय सांगू?

जगभरात माणसामुळे हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी ७-८ टक्के एकट्या सिमेंट उद्योगातून येतो, आणि उभी असलेली भिंत पाडून पुन्हा बांधली की तो खर्च दुसऱ्यांदा होतो, शिवाय राडारोडा कुठेतरी टाकावाच लागतो.

प्रश्न: आम्ही हरलो. दोन वर्षं लढलो, सह्या, अर्ज, सगळं केलं आणि गेल्या महिन्यात आमचं जुनं थिएटर सकाळी सहाला येऊन पाडलं. माझ्याकडे फक्त तीसेक फोटो आहेत. आता काय करायचं हेच कळत नाही, ग्रुपवर कोणी बोलत पण नाही.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. यावर लगेच काही सांगण्यासारखं नसतं, थोडे दिवस वाईट वाटू दे.

पण ग्रुप मोडू नका. लंडनमध्ये युस्टन स्टेशनची भव्य कमान होती, लोकांनी खूप विरोध केला तरी १९६१-६२ मध्ये पाडली. त्याच वादात तयार झालेली माणसं, कवी जॉन बेट्जमन त्यातले एक, काही वर्षांनी शेजारच्या सेंट पँक्रसवर तीच वेळ आली तेव्हा तयार होती. १९६७ मध्ये सेंट पँक्रसला सगळ्यात वरच्या श्रेणीचं संरक्षण मिळालं. आज तिथून युरोपला गाड्या सुटतात. पॅरिसमध्ये पण असंच, जुन्या मंडईचे लोखंडी मंडप १९७१ मध्ये पाडले, लोक इतके हळहळले की त्यानंतर ओर्से स्टेशन पाडून हॉटेल बांधायचा बेत तडीला गेला नाही आणि १९८६ मध्ये तिथे संग्रहालय उघडलं. आणि युस्टनच्या कमानीचे दगड १९९४ मध्ये एका नदीच्या तळाशी सापडले, खड्डा बुजवायला टाकले होते. काही वर काढले, आता ती कमान पुन्हा उभारावी म्हणून माणसं प्रयत्न करतायत. पाडल्यावर साठ वर्षांनी पण.

तुमच्या जागेवर राडारोडा अजून असेल तर आज जाऊन बघा. नावाची पाटी, तिकीट खिडकीची जाळी, जिन्याचा कठडा, खुर्च्यांचे नंबर, जे मिळेल ते मालकाला विचारून घेऊन या, पाडणारे ठेकेदार बऱ्याचदा सहज देतात. ते तीस फोटो छापून घ्या, प्रत्येकामागे पेन्सिलीने तारीख आणि कुठल्या बाजूने काढलाय ते लिहा. प्रोजेक्टर चालवणारे, तिकीट फाडणारे जे कोणी असतील त्यांच्याकडे मोबाइल रेकॉर्डर लावून बसा. आणि मग ग्रुपवर एकच मेसेज टाका, रविवारी सकाळी अमुक ठिकाणी भेटू, फीत घेऊन या. त्याच रस्त्यावरची पुढची जुनी इमारत कुठली ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहिती आहे.